पट ९, शिक्षक १ : शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालोय, आता काय?

काजूगर

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गाव सिंधुदुर्गातलं. तालुका आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या गुरुजींना उगाच ताप नको. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट ९. पहिलीत ३, दुसरीत १ (ती आमची कन्या), तिसरीत ३, चौथीत २. जुन्या अध्यक्षांचा मुलगा पाचवीला हायस्कुलात गेला तशी त्यांची खुर्ची गेली. पालकसभेत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विरोधी उमेदवार नव्हता. खरं तर उमेदवारच नव्हता.

परिस्थिती अशी. कागदावर दोन शिक्षक. एकजण आंतरजिल्हा बदलीने आपल्या मुलखात गेले. त्यांचा राग नाही, बारा गावचं पाणी पिऊन माणूस घरी जाणारच. पण ते कार्यमुक्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. उरलेले गुरुजी म्हणजे शिक्षक, मुख्याध्यापक, कारकून, शिपाई सगळं एकच. ते केंद्रावर बैठकीला गेले की शेजारच्या शाळेतून कोणीतरी कामगिरीवर येतं. कोणी आलं नाही तर अंगणवाडीच्या ताई आमच्या पोरांना आपल्यात बसवून घेतात.

दुसरा शिक्षक मागायला पंचायत समितीत गेलो. "वरून मिळाला की देऊ." वरून म्हणजे कुठून, असं विचारलं तर साहेबांनी छताकडे बोट दाखवलं.

आता गावात कुजबुज आहे की शाळा पलीकडच्या गावच्या शाळेत विलीन होणार. ती साडेतीन किलोमीटरवर. मध्ये वहाळ (ओढा), वहाळावर साकव (छोटा पूल), आणि जुलैत साकवावरून पाणी जातं.

प्रश्न तीनच. समितीला दुसरा शिक्षक मागण्याचा काही अधिकार आहे की आम्ही फक्त सह्यांपुरते? पैसे किती येतात, कुठून येतात? आणि विलीनीकरण अडवता येतं का? सल्ला द्या. "खाजगी शाळेत घाला" हा सल्ला नको, तो नातेवाइकांकडून फुकट मिळतो.

बीटवाला

विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. जिल्हा वेगळा, पण यंत्रणा सगळीकडे तीच. साहेबांचं छताकडचं बोट अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून आधी ते छत कसं रचलंय ते सांगतो.

१९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा झाल्या, १ मे १९६२ पासून कामाला लागल्या, आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तुमचे गुरुजी जिल्हा परिषदेचे कर्मचारी. त्यांच्या वर केंद्रप्रमुख, मग बीटाचा (काही केंद्रांच्या गटाचा) विस्तार अधिकारी, मग तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, मग ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. ही झाली सरळ शिडी. गंमत पुढे आहे. पगार राज्याच्या तिजोरीतून, शालार्थ प्रणालीवरून. भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून. शाळेला किती पदं, ते संचमान्यतेवरून (पट बघून पदं ठरवण्याच्या हिशेबावरून), आणि तिचे निकष मंत्रालयाचे. बदलीचं धोरणही मंत्रालयाचं, तेही ऑनलाईन. इमारतीचा पैसा कधी समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा, कधी जिल्हा नियोजनचा. म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याच्या हातात उरतं काय? इकडचा शिक्षक तात्पुरता तिकडे पाठवण्याचा कामगिरी आदेश. एका शाळेचं भोक बुजवायला दुसऱ्या शाळेला भोक पाडायचं.

पूर्वी गावचा जिल्हा परिषद सदस्य होता, शिक्षण सभापती होता. त्यांना गाठलं की निदान फोन तरी जायचा. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तुमचीही, आणि पुढची काही वर्षं नुसता प्रशासक. जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नाही. गावोगावच्या शाळांचं त्या काळात जे झालं त्याचं मोजमाप कोणी केलेलं नाही.

आता पदांचं. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याची अनुसूची वाचा. पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. पट ९ असो की ५९. पण १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय म्हणतो की २० पर्यंत पट असेल तर एक शिक्षक, आणि दुसरा गरजेनुसार, तोही शक्यतो निवृत्तांतून. तुमची गोची या दोन कागदांच्या मध्ये आहे.

तिरकस

अप्रिय बोलतो, शिव्या नंतर घाला.

नऊ मुलांसाठी एक इमारत, एक शिक्षक (दोन मागताय!), एक स्वयंपाकीण, एक वीज मीटर. त्याच पैशात एक गाडी लावून मुलं मोठ्या शाळेत नेली तर? तिथे प्रत्येक वर्गाला शिक्षक, खेळायला दोन टीम होतील इतकी मुलं. काजूगर, तुमची मुलगी दुसरीत एकटी आहे. वर्गात पहिली तीच आणि शेवटची तीच. तिला भांडायला कोणी नाही, कॉपी करायला कोणी नाही. याला तुम्ही शिक्षणाचा हक्क म्हणता?

शाळा वाचवा ही घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं त्या शाळेत आहेत, हेही विचारून बघा.

काजूगर

माझी आहे. :)

बाकी मुद्दा रास्त आहे, उत्तर शाळेतल्या माणसांनी द्यावं.

खडूफळा

देते. मी एकशिक्षकी शाळेवर आहे. सिंधुदुर्ग नाही, पण सडा तोच आणि रेंजही तशीच.

तिरकस, दुसरीतली एकटी मुलगी वर्गात एकटी नसतेच मुळी. आमच्याकडे वर्ग नावाची गोष्ट भिंतीने होत नाही. मी सकाळी फळ्याचे खडूने चार भाग करते. पहिल्या भागात पहिलीचे शब्द, शेवटच्यात चौथीचं भागाकाराचं उदाहरण. पहिलीला चित्रं लावायला दिली की तिसरीचं वाचन घ्यायचं. तिसरी लिहायला बसली की चौथीकडे वळायचं. दुसरीतलं पोर कधी तिसरीचं ऐकत असतं, कधी पहिलीतल्याचा हात धरून गिरवून घेत असतं. कागदावर याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. नीट जमलं तर चांगलं शिक्षण आहे ते. अट एकच, शिक्षक वर्गात हवा.

आणि तोच नसतो. माझा कालचा दिवस सांगते. परिपाठ झाला, पहिलीच्या पोरांना मणी मोजायला बसवलं, एवढ्यात मोबाईल वाजला. केंद्राचा ग्रुप. "तात्काळ. आज ४ पर्यंत लिंक भरावी. न भरल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल." रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागे मिळते. मी टाकीमागे, मणी जमिनीवर. लिंक कसली, तर वृक्षलागवडीच्या फोटोची. त्यानंतर आहाराची रोजची नोंद ॲपवर. दुपारी ग्रामसेवकांचा फोन, मतदार यादीचं काम. कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगर-शैक्षणिक काम नको. पण निवडणूक या एका शब्दात बाराही महिने बसतात.

यू-डायसचा, म्हणजे शाळेच्या वार्षिक माहितीचा, फॉर्म नऊ पटाला तोच, नऊशे पटाला तोच. जनरल रजिस्टर, कॅटलॉग, टाचण, आहाराची नोंदवही, सादिलची (किरकोळ खर्चाची) कीर्द, शेरेबही, निपुणच्या (वाचन-गणिताच्या) चाचण्या, आवक-जावक. समित्या तर विचारू नका. २०२५ मध्ये बऱ्याच समित्या एकत्र करून चारवर आणल्या, तोवर डझनाच्या वर होत्या. इतिवृत्तं लिहायला अर्थात मीच. पट नऊ आहे म्हणून काम नवापुरतं होत नाही. काम शाळेमागे मोजलं जातं आणि माणूस पटामागे. काजूगर, तुमचं दुखणं हे आहे.

एकारान्त

वाचनखूण साठवली. खडूफळा, +१००.

चुलीपाशी

तिरकसभाऊ, ती स्वयंपाकीण मी आहे. (काजूगरांच्या शाळेतली नाही, आमच्या गावच्या.)

पहिले सासूबाई जायच्या, त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून मी जाते. २५ पटापर्यंत एक स्वयंपाकी मदतनीस. मानधन महिन्याला २५००. आधी १५०० होतं, २०२३ मध्ये वाढलं. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. आमच्याकडे अकरा पोरं, म्हणजे अकराशे ग्रॅम, दोन तापाने घरी असली तर नऊशे. ते मी वजनकाट्यावर तोलते, गुरुजी ॲपवर चढवतात, आणि तरी वर्षातून एकदा कोणीतरी येऊन पोती मोजतो. सरकारी दर पोरामागे ६ रुपये ७८ पैसे, त्यातलाही बराचसा माल म्हणूनच येतो. डाळ, तेल, मीठ-मसाला ठेकेदाराकडून, भाजी आणि गॅस आपण बघायचा. पैसे उशिरा येतात, तोवर उधारी गुरुजींच्या नावावर.

पण एक सांगते. अकरा जणांचा भात शाळेत होतो तेव्हा कोणाला तिखट चालत नाही आणि कोण डाळीतला टोमॅटो बाजूला काढतो हे मला ठाऊक असतं. परसातलं अळू, तांबडी भाजी, दुधी, जे असेल ते पडतं. गाडीने पोरं लांब गेली की सकाळी आठला निघायची, तेव्हा चुलीवर भात नसतो. चहा-चपाती खाऊन जायची. मोठ्या शाळेत जेवण मिळेलच, नाही म्हणत नाही. पण दीड वाजेपर्यंत पोटात काय, ते पण हिशेबात घ्या.

टर्नपाईक

न्यू जर्सीतून. हा धागा वाचताना गालातल्या गालात हसतोय, कारण गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या स्कूल बोर्डाच्या सभेला जाऊन आलो आणि तिथे हीच चर्चा चालू होती, फक्त इंग्रजीत.

इथे शाळा राज्य चालवत नाही, तालुका-जिल्हाही नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट नावाची वेगळीच संस्था असते. तिचं निवडून दिलेलं बोर्ड, बिनपगारी. बोर्ड सुपरिंटेंडेंट नेमतं आणि तो कारभार चालवतो. न्यू जर्सीएवढ्या चिमुकल्या राज्यात असे सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. काहींमध्ये एकच शाळा, मुलं दोनशे, पण सुपरिंटेंडेंट वेगळा, हिशेबनीस वेगळा. पैसा मुख्यतः घरपट्टीतून. माझ्या घरपट्टीच्या बिलावर शाळेचा आकडा वेगळा छापून येतो, आणि तोच सगळ्यात मोठा असतो. त्यामुळे सभेला म्हातारी माणसंसुद्धा येतात, ज्यांची नातवंडं दुसऱ्या राज्यात आहेत. एका आजोबांनी माईकवर विचारलं की छपराच्या कंत्राटाला तीन निविदा का नाहीत. सुपरिंटेंडेंटला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागलं.

हे सगळं गोड वाटेल, पण थांबा. २०१० च्या कायद्याने घरपट्टीतली वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधली. २०१८ मध्ये राज्याच्या मदतीचं सूत्र बदललं आणि मुलं घटलेल्या डिस्ट्रिक्टची मदत टप्प्याटप्प्याने कापत नेली. मुलं तीस कमी झाली म्हणून बसचं डिझेल कमी होत नाही, पण पैसे कमी झाले. मग संगीताचा शिक्षक अर्धवेळ, ग्रंथपाल दोन शाळांत वाटून. श्रीमंत गावाला फरक पडत नाही, गरीब गाव रडतं. पट सगळीकडेच राजा आहे.

विलीनीकरणाचं म्हणाल तर या देशाने ते शंभर वर्षं केलंय. १९३० च्या सुमारास सव्वा लाखाहून जास्त डिस्ट्रिक्ट होते, आता १३ हजारांच्या आसपास. एकशिक्षकी शाळाही तेव्हा लाखाच्या वर होत्या. पिवळी बस आली तशा त्या गेल्या. बस आधी आली, हे महत्त्वाचं. तुमच्याकडे शाळा आधी जाते आणि बस येणार असते.

तिरकस

बसचा मुद्दा मान्य. शिव्या अपेक्षेपेक्षा कमी पडल्या, थोडा हिरमोड झाला.

तरी पुण्याजवळ पानशेतला लहान शाळा एकत्र करून समूह शाळा झाली ना? तिथे बसने मुलं नेतात असं वाचलंय. मग तेच मॉडेल कोकणात का नको?

बीटवाला

पानशेतचा आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचा दाखला देऊनच २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांकडून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४,७८३ होत्या, मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार करा, शाळेमागे साधारण साडेबारा मुलं. मंत्रालयात बसून हे आकडे बघितले की कोणाच्याही हाताला खाज सुटेल, मी त्यांना दोष देत नाही.

पण पानशेतला धरणाच्या काठाने रस्ता आहे आणि बसला पैसा देणारे भेटले. दोन चांगल्या शाळा उभ्या राहिल्या म्हणजे चौदा हजार शाळांचा प्रश्न सुटतो असं नाही. प्रत्येक बसला दरवर्षी चालक, डिझेल, विमा. देणगीदार पहिल्या वर्षी फोटोला येतो, चौथ्या वर्षी क्लच प्लेट बदलायला येत नाही.

आपल्या नियमात पहिली ते पाचवीला शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीला ३ च्या आत. त्याबाहेर गेली तर वाहतुकीची सोय शासनाची. समग्र शिक्षात त्यासाठी मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६००० रुपये भत्ता. तो खात्यावर जमा व्हायचा तेव्हा होतो, रिक्षावाला मात्र दर महिन्याला मागतो.

आणि एक अनुभवाचं. विलीनीकरणाचा आदेश कोणी काढत नाही, आदेश काढला की मोर्चा येतो. शाळेला शिक्षक द्यायचा नाही, एवढं पुरतं. दोन वर्षांत शहाणे पालक मुलं काढतात, पट शून्य होतो, आणि मग शून्य पटाची शाळा बंद म्हणून नोंद करायला कोणाची हरकत नसते. काजूगर, तुम्ही विलीनीकरण अडवायला निघाला आहात. अडवायचं आहे ते रिकामं पद.

लालमाती

मी मुंबैक. गाव मालवणाकडचा, शाळा आमची पण तीच गत.

खरं सांगू काय? शाळा कोणी बंद पाडली, तर आम्हीच. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१. अख्ख्या राज्याची लोकसंख्या वाढत असताना आमची घटली, रत्नागिरीची पण. पोरं मुंबईत जन्मतात, तिथेच बालवाडीत जातात. गणपतीत गाव भरतो, तेव्हा शाळेच्या पटांगणात क्रिकेट खेळायला वीस पोरं असतात, अनंत चतुर्दशी झाली की परत नऊ.

मुंबई मंडळाने शाळेला कौलं दिली, वाशे-रीप बदलले, संगणक दिला. संगणक गुरुजींच्या कपाटात आहे, कारण बिल थकलं म्हणून वीज तोडली होती. दिलेल्या वस्तूचा फोटो सगळे काढतात, लाईटचं बिल कोण भरणार ते ठरवत नाही. आता मंडळाने ठरवलंय, नवीन वस्तू नको, वर्षाचं बिल आम्ही भरू. हे काजूगरांनी पण करून बघावं, चाकरमान्यांना पटतं.

आणि गंमत बघा. कोकण बोर्ड वेगळं झाल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला. ती पोरं याच नऊ-दहा पटाच्या शाळांतून वर गेलेली. मग पहिला नंबर आला की पेढे वाटायला सगळे पुढे, आणि पाया घालणाऱ्या शाळेक मास्तर देवक कोण नाय!

काजूगर

सगळ्यांचे आभार. बरंच डोक्यात गेलं. मधल्या काळात समितीची पहिली सभा घेतली, तिचा वृत्तांत.

नियमाप्रमाणे समितीत कमीत कमी बारा सदस्य, त्यात ७५ टक्के पालक, म्हणजे नऊ. निम्म्या महिला. आमची नऊ मुलं सहा घरांतली. गुरुजी दोन दिवस आकडेमोड करत होते. शेवटी तीन घरांतून आई आणि बाप दोघांनाही घेतलं तेव्हा समिती कायदेशीर झाली. म्हणजे आमच्या घरचं जेवतानाचं भांडण आता इतिवृत्तात येऊ शकतं.

पैशांचंही बघितलं. ३० पर्यंत पटाला समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, वीज, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती. तेही एका हप्त्यात येत नाही. पूर्वी अध्यक्ष आणि मुख्याध्यापकाच्या सहीने चेक निघायचा, आता सगळं पीएफएमएस या सरकारी ऑनलाईन प्रणालीवर, दुकानदाराच्या खात्यात थेट. गावातल्या ज्या सुतारकाकांनी बाकं दुरुस्त केली त्यांच्याकडे बिलबुक कुठलं? चोरी थांबली असेल, पण सुतारही थांबला.

जुनी एक खोली पडायला आली आहे. पाडायची तर आधी निर्लेखनाचा (नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव, मग बांधकाम उपविभागाचा दाखला, मग मंजुरी. तोवर मुलांना तिकडे जाऊ नका म्हणून दोरी बांधली आहे. लंगडीची हद्द म्हणून मुलं तीच दोरी वापरतात.

आता मुख्य अडचण. नऊपैकी दोन मुलं आमच्या शेजारच्या आंबा बागेतल्या नेपाळी रखवालदाराची. चार वर्षं इथेच आहेत, मालवणी माझ्यापेक्षा बरी बोलतात. त्यांना आधार कार्ड नाही, आणि संगणकातल्या पटात आधार जुळलेलीच मुलं धरतात. म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटात शाळेत ९ आणि संगणकात ७. गुरुजी म्हणतात, "तुम्ही दुसरा शिक्षक मागताय, मला पहिल्याची काळजी आहे."

खडूफळा

हे फार ठिकाणी आहे. वीटभट्टी, ऊसतोड, आंबा-काजूच्या बागा, सगळीकडे. हजेरी घेताना मूल समोर बसलेलं असतं, "हजर" म्हणतं, आणि मान्य पटात नसतं.

प्रवेश नाकारता येत नाही हे नक्की. जन्मदाखला नाही म्हणूनसुद्धा प्रवेश अडवता येत नाही, कलम १४. त्या दोघांची नावं जनरल रजिस्टरला आहेत ना, ते आधी बघा. हजेरी रोज पडू द्या. आहाराच्या नोंदीतही ती दोघं दिसली पाहिजेत. मग केंद्रप्रमुखांना लेखी कळवा की प्रत्यक्ष शाळेत येऊन मुलं पडताळा आणि शेरेबहीत तसा शेरा लिहा. तोंडी नको. केंद्रप्रमुखही एकटे नऊ-दहा शाळा बघतात, राज्यात ४,८६० केंद्रं आणि कितीतरी पदं रिकामी, त्यामुळे ते "बघू" म्हणतील. तारीख घेऊनच फोन ठेवा.

तिरकस

नेपाळी मुलांचं माहीत नव्हतं. पानशेतवाली बस बागेत आतपर्यंत जाईल असं वाटत नाही.

पण निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक मिळत असेल तर घ्या ना. काहीच नसण्यापेक्षा बरं.

बीटवाला

घ्यावाच. २०२३ च्या जुलैत निवृत्तांना २० हजार मानधनावर घेण्याचा निर्णय निघाला, तेव्हा पुष्कळ शाळांची कुलपं त्यामुळेच उघडी राहिली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांत दुसऱ्या पदावर १५ हजारांचा कंत्राटी शिक्षक, असा निर्णय आला. त्यावर २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांनी राज्यभर सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. त्यांचं म्हणणं असं की एकदा हे पद कंत्राटी झालं की कायमचं गेलं. मला ते पटतं. माझेच काही सोबती सत्तरीला टेकेपर्यंत शिकवायला जात होते, हौसेने जात होते, पण पहिलीच्या पोरामागे धावायला गुडघे लागतात. हे निर्णय वरचेवर बदलतात, म्हणून अर्जात कोणत्याही शासन निर्णयाचा आधार घेण्यापूर्वी तो अजून लागू आहे का ते संकेतस्थळावर तपासा.

काजूगर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे. समिती सह्यांपुरती नाही. कलम २१ प्रमाणे शाळेच्या कामावर देखरेख आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणं हे तुमचं काम. बहुतेक शाळांत तो आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. तुम्ही खरा करा. त्यात पहिल्या ओळीत लिहा: मंजूर पदे २, कार्यरत १, रिक्त १, अमुक तारखेपासून. विलीनीकरणाबद्दल समितीचा ठराव घ्या, ग्रामसभेतही घ्या.

मग कलम ३२. याचा वापर फार कमी लोक करतात. मुलाच्या हक्काबाबत लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे द्यायची. त्यांनी म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अर्ज "शिक्षक मिळावा ही विनंती" असा करू नका. विनंतीची फाईल वेगळ्या टेबलावर जाते आणि तिथेच राहते. "कलम ३२ अन्वये तक्रार" असं विषयातच लिहा.

खडूफळा

आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय जिना उतरू नका. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. अर्जावर गुरुजींचं नाव कुठेही येऊ देऊ नका. सही फक्त पालकांची, नाहीतर शिस्तभंगाची नोटीस त्यांना येईल.

अंतर साडेतीन किलोमीटर म्हणालात ते रस्त्याने की पाणंदीने? कार्यालयात नकाशावर पट्टी लावून सरळ रेषेत मोजतात, मग ते दोनच भरतं. मूल ज्या वाटेने चालतं त्या वाटेने मोजा, साकवाचा पावसातला फोटो जोडा, फोटोवर तारीख हवी.

लालमाती

फोटो माझ्याकडे असतलो! गेल्या आषाढात गावाक इल्लंय तेव्हा वहाळाचो व्हिडिओ काढलेलो. गाव तुमचो नाय, पण असलो साकव सगळीकडे सारखोच दिसता. :)

तिरकस

दुसऱ्या गावचा फोटो लावू नका रे बाबांनो, पहिल्याच सुनावणीत उडेल.

काजूगर

फोटो आमचाच काढतो, पाऊस आहेच.

अंतर पाणंदीने ३.४ किलोमीटर भरलं, रस्त्याने वळसा घालून पाचाच्या वर. सभेची नोटीस आज लावली, सोमवारी ठराव, मंगळवारी पंचायत समितीत प्रत आणि तिथून ओरोसला मूळ अर्ज. केंद्रप्रमुखांनी पडताळणीसाठी गुरुवार दिलाय, त्या दिवशी रखवालदाराने मुलांना बागेत थांबवू नये म्हणून त्याच्याकडे जाऊन आलो.

बीटवालाकाका, ठरावाचा मसुदा रात्री इथेच टाकतो. "सर्वानुमते" लिहू की सूचक-अनुमोदकांची नावं घालू?

बीटवाला

दोन्ही. सूचक आई असू दे, अनुमोदक वडील, पण एकाच घरातले नकोत. तुमच्या समितीत ते जरा जपूनच बघावं लागेल.